छंदाची मिलिंग मशीन बदलावी की आहे तीच सुधारावी : कोकण किनारपट्टीवरील कारागिरांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

लहान मिलिंग मशीनवर (फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या यंत्रावर) काम करणाऱ्याला वर्षा-दोन वर्षांत एक प्रश्न हमखास पडतो. कट घेताना मशीन थरथरते, पृष्ठभागावर लाटा उठतात, भोके नेमक्या जागी येत नाहीत, आणि मग मोठी मशीन घ्यावी असे वाटू लागते. हा निर्णय बहुतेक वेळा उलट्या क्रमाने घेतला जातो. आधी मशीन ठरते, मग जागा शोधली जाते, मग विजेची चौकशी होते, आणि मूळ दोष नक्की कुठे होता हे मोजायचे राहूनच जाते. परिणामी लहान मशीन तोट्यात विकली जाते आणि मोठी मशीन पडवीत ताडपत्रीखाली एक पावसाळा काढून गंजते.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिले चार टप्पे जवळजवळ बिनखर्चाचे आहेत आणि पुष्कळांचा प्रश्न तिथेच सुटतो.

टप्पा १ : कामांची लेखी यादी करावी

गेल्या वर्षभरात केलेली आणि पुढच्या वर्षी खरोखर करायची असलेली कामे वहीत लिहून काढावीत. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहाव्यात : धातू कोणता, जॉबची (कापायच्या तुकड्याची) लांबी-रुंदी-उंची किती, अचूकता किती हवी, आणि असे काम वर्षातून किती वेळा येते. ग्रासकटरच्या गिअरबॉक्सचे ॲल्युमिनियमचे झाकण, २५ मिमी शाफ्टमधील चावीची खाच, काजू फोडणीयंत्राच्या पात्याचा धारक, वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीचा सिलिंडर, होडीच्या इंजिनावरील पंपाचे गनमेटलचे बुश, अशी यादी समोर आली की कोणते काम अडले आणि कोणते फक्त त्रासाचे झाले हे वेगळे दिसू लागते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी धातूच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. गनमेटल आणि पितळ लहान मशीनवर सुखाने कापले जाते. होड्यांसाठी वापरले जाणारे ३१६ स्टेनलेस मात्र घासले गेले की कापल्या जाणाऱ्या थरात कठीण होते, त्यामुळे त्यात धीटपणे कट घ्यावा लागतो आणि तसा कट हलकी मशीन पेलू शकत नाही. यादीत स्टेनलेसची कामे वरचेवर येत असतील, तर हा मशीन बदलण्याच्या बाजूचा खरा पुरावा आहे. वर्षातून एकदा येणारे तसले काम कुडाळ किंवा मिरजोळे औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून करून घेणे केव्हाही स्वस्त पडते.

उंचीचा हिशेब वेगळा करावा, कारण चूक तिथेच होते. जॉब ६० मिमी उंच असला तरी त्याखाली ८० मिमीचा व्हाइस (शिकंजा) असतो, वर ड्रिल चक आणि त्याला मशीनशी जोडणारा दांडा, म्हणजे आर्बर, मिळून सुमारे ११० मिमी, आणि त्यातून बाहेर आलेले ड्रिल १०० मिमी. बेरीज ३५० मिमी झाली, आणि एवढे अंतर पुष्कळ लहान मशीनच्या स्पिंडलखाली (कटर धरून फिरवणाऱ्या आसाखाली) नसते. परंतु तेच ड्रिल थेट कोलेटमध्ये (हत्यार आवळून धरणाऱ्या चिरलेल्या नळीत) धरले, आखूड ड्रिल वापरले आणि व्हाइसऐवजी जॉब क्लँपने टेबलावर बांधला, तर शंभर-दीडशे मिमी सहज सुटतात.

*तपासणी :* यादीतील अडलेल्या कामांपुढे ‘आकाराने अडले’, ‘कंपनाने अडले’ किंवा ‘अचूकतेने अडले’ यांपैकी एक नेमके कारण लिहिता आले पाहिजे. ते लिहिता येत नसेल तर अजून मशीन बदलण्याचा विचार करू नये.

टप्पा २ : आहे ती मशीन नीट लावून घ्यावी

न लावलेल्या मशीनची मोजणी करून काहीच कळत नाही. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे : आधी सफाई, मग गिब पट्ट्या (सरकत्या भागांतली ढिलाई काढणाऱ्या), मग स्पिंडलचा टेबलाशी काटकोन, आणि शेवटी व्हाइस. काटकोन आधी लावून नंतर गिब कसणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाते, कारण गिब कसताच टेबल किंवा हेड (स्पिंडल धरणारा वरचा भाग) थोडे सरकते.

सफाई म्हणजे वरवर पुसणे नव्हे. टेबल पूर्ण सरकवून, शक्य असल्यास काढून, डोव्हटेलमधील (टेबल ज्यावर सरकते त्या तिरक्या खाचांमधील) जुने चिकट तेल, बारीक कीस आणि गंजाची तांबूस पूड रॉकेलने धुऊन काढावी. आपल्याकडच्या हवेत पावसाळ्यानंतर ही पूड गिबच्या मागे साचते आणि टेबल एकाच वेळी जड आणि ढिले वाटते. धुतल्यावर स्लाइडवे ऑइल, ग्रेड ६८, लावावे. ग्रीस लावू नये. त्यात कीस अडकून त्याचा घासकागद बनतो.

गिब कसताना टेबलाच्या टोकाला डायल इंडिकेटर (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) लावावा आणि टेबल हाताने आडवे ढकलून पाहावे. हँडल सहज फिरते आहे आणि डायल ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलत नाही, अशी स्थिती साधेपर्यंत स्क्रू थोडे थोडे फिरवावेत. प्रत्येक स्क्रूचा नट आवळल्यावर पुन्हा तपासावे, कारण नट आवळताना स्क्रूही फिरतो.

मग डायल स्पिंडलमध्ये धरून टेबलावर गोल फिरवावा. २०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर ०.०२ मिमीच्या आतला फरक छंदाच्या कामाला पुरेसा आहे. टेबल अरुंद असेल तर त्यावर ग्राइंड केलेली जाड प्लेट ठेवून मोजावे, पण तीच प्लेट उलटसुलट ठेवून तिचा स्वतःचा दोष आधी पाहून घ्यावा. डाव्या-उजव्या दिशेचा फरक हेड किंवा कॉलम (हेड ज्यावर असते तो उभा खांब) तिरका करून काढता येतो. पुढच्या-मागच्या दिशेचा फरक काढायला कॉलमच्या बुडाखाली पितळी शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालावी लागते. हे कंटाळवाणे काम असल्यामुळे पुष्कळ जण ते सोडून देतात, आणि मग रुंद कटात पायरी उमटली की मशीनला दोष देतात.

शेवटी व्हाइसचा स्थिर जबडा डायलने सरळ करावा आणि नवीन, चांगल्या प्रतीचे एंडमिल (टोकाने आणि कडेने कापणारे कटर) वापरून एक कट घेऊन पाहावा. बोथट एंडमिलने केलेली कोणतीही परीक्षा ग्राह्य धरू नये. ज्या दिशेला सरकायचे नाही त्या सर्व स्लाइड कट घेताना लॉक कराव्यात.

*सावधान :* लहान मशीनवर कटर जॉबला स्वतःकडे ओढून घेईल अशा दिशेने जड कट घेऊ नये. स्क्रूमधील ढिलाईमुळे टेबल एकदम झेपावते, एंडमिल तुटते, आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. कट नेहमी विरुद्ध दिशेने घ्यावा.

टप्पा ३ : मशीन मोजावी

या टप्प्याला एक सकाळ द्यावी. साधने चारच लागतात : ०.०१ मिमीचा डायल, मॅग्नेटिक स्टँड, सरळ ग्राइंड केलेली पिन आणि मासळीबाजारात असतो तसला हुकाचा ताणकाटा.

पहिली मोजणी स्पिंडलची. टेपरच्या (स्पिंडलमधील निमुळत्या भोकाच्या) आत डायल टेकवून स्पिंडल हाताने फिरवावे. ०.०१ ते ०.०२ मिमीचा फरक चालतो. आत फरक कमी आणि कोलेटमध्ये धरलेल्या पिनेवर जास्त असेल, तर दोष कोलेटचा किंवा चकचा आहे, स्पिंडलचा नाही. त्यानंतर लाकडी दांडा तरफेसारखा वापरून स्पिंडल वर-खाली उचलून पाहावे. हालचाल जाणवली तर बेअरिंग पाहावे लागेल.

दुसरी मोजणी स्क्रूच्या ढिलाईची, म्हणजे बॅकलॅशची. टेबलाच्या मधोमध आणि दोन्ही टोकांना, तीन ठिकाणी मोजावे. सगळीकडे सारखीच ०.१० ते ०.१५ मिमी ढिलाई असेल तर ती सवयीने किंवा डी.आर.ओ. (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारे डिजिटल उपकरण) लावून सांभाळता येते. मध्यभागी ती टोकांपेक्षा बरीच जास्त असेल तर स्क्रू तिथे झिजला आहे.

तिसरी मोजणी ताठपणाची. हीच बहुतेक जण करत नाहीत आणि निर्णय प्रत्यक्षात हिच्यावरच ठरतो. मॅग्नेटिक स्टँड टेबलावर ठेवून डायल स्पिंडलच्या नाकाला टेकवावा. ताणकाटा स्पिंडलला अडकवून १० किलोची ओढ द्यावी आणि डायल किती हलला ते लिहावे. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे, दोन्ही दिशांना हे करावे. त्यानंतर डायल हेडवर, कॉलमच्या वरच्या टोकाला आणि कॉलमच्या बुडाशी असा खाली खाली नेत तीच ओढ पुन्हा द्यावी. ज्या दोन जागांच्या दरम्यान आकडा एकदम उतरतो, त्यांच्यामधला सांधा कमजोर आहे. माझ्या कामाचा नियम असा की १० किलोला ०.०२ मिमीच्या आत मशीन राहिली तर तिच्यावर पोलादाची नेटकी कामे होतात, आणि ०.०५ च्या पुढे गेली तर एखादा सांधा ढिला आहे किंवा मशीनचा सांगाडाच हलका आहे.

मोटारीच्या ताकदीबद्दल पुष्कळ गैरसमज आहे, म्हणून एक हिशेब मांडतो. १० मिमीचे चार दातांचे हायस्पीड स्टीलचे एंडमिल साध्या पोलादात मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांनी चालवले, प्रत्येक दाताला ०.०३ मिमी फीड (पुढे सरकण) दिला, तर टेबल मिनिटाला ९६ मिमी सरकते. कट ५ मिमी खोल आणि २ मिमी रुंद धरला तर मिनिटाला जवळपास १ घन सेंटिमीटर धातू निघतो. साधे पोलाद कापायला एका घन मिलिमीटरमागे अडीच ते तीन जूल ऊर्जा लागते; म्हणजे या कटाला कटरपाशी ४० ते ५० वॅट पुरतात. साडेतीनशे वॅटची मोटारही त्याच्या कितीतरी पुढे आहे. तरीही मशीन थरथरत असेल तर उणीव ताठपणाची आहे, आणि जास्त हॉर्सपॉवरची मोटार बसवून ती भरून निघणार नाही.

*तपासणी :* तिन्ही मोजण्या तारखेसह वहीत लिहिलेल्या असाव्यात. पुढे दुसरी मशीन पाहायला जाताना तुलनेला हेच आकडे लागणार आहेत.

टप्पा ४ : दोषांची वाटणी करावी

टप्पा १ मधील अडलेली कामे आणि टप्पा ३ मधील आकडे शेजारी ठेवून प्रत्येक अडचण तीनपैकी एका गटात टाकावी. पहिला गट लावणीचा : गिब, काटकोन, व्हाइस, एंडमिल, फीड. दुसरा गट सुट्या भागाचा : प्लास्टिकचे गिअर, झिजलेला नट, बेअरिंग, खराब चक, अंदाजाने वाचावे लागणारे डायल. तिसरा गट सांगाड्याचा : टेबलाची लांबी, उंची, कॉलमचे वजन, स्पिंडलचा टेपर.

मशीन बदलण्याचे कारण केवळ तिसऱ्या गटात सापडते. त्या गटात एकही वारंवार येणारे काम नसेल तर टप्पा ५ करून थांबावे.

टप्पा ५ : सुधारणा करायची असेल तर कोणत्या क्रमाने

प्रथम ताठपणा, मग मोजमाप, आणि सोय सर्वांत शेवटी. लोक उलट करतात, कारण टेबलाला मोटार जोडणे दिसायला आकर्षक असते.

ज्या लहान मशीनचा कॉलम एकाच मोठ्या नटावर तिरका होतो, तिथे कॉलमच्या मागे २० मिमी जाडीची पोलादी प्लेट बसवून ती बेसला आणि कॉलमला बोल्टने जोडली की ताणकाट्याचा आकडा लगेच सुधारतो. तिरका करण्याची सोय त्यामुळे जाते, पण ती फारशी कोणी वापरत नाही. मशीन हलक्या पत्र्याच्या स्टँडवर असेल तर तो स्टँड बदलून जड, भिंतीला टेकलेला टेबल करावा.

प्लास्टिकचे गिअर वारंवार तुटत असतील तर बेल्टची जोडणी करावी. त्यानंतर डी.आर.ओ. घ्यावा. बॅकलॅश असूनही भोके नेमक्या जागी येऊ लागतात ती याच्यामुळे, आणि लहान मशीनवरची याहून फायद्याची खरेदी मला माहीत नाही. मात्र डिजिटल कॅलिपरसारख्या स्वस्त कॅपॅसिटिव्ह पट्ट्या दमट हवेत आणि कुलंटच्या (कापताना सोडायच्या थंडाव्याच्या द्रवाच्या) शिंतोड्यांत चुकीचे आकडे दाखवतात. किनाऱ्यावर चुंबकीय पट्टी किंवा चांगले सील असलेली काचेची पट्टीच घ्यावी.

*सावधान :* सुधारणांचा एकूण खर्च आधी जोडून पाहावा. तो चांगल्या स्थितीतील मध्यम मशीनच्या निम्म्यावर जात असेल आणि तिसऱ्या गटातील कामेही असतील, तर सुधारणेवर पैसे घालू नयेत.

टप्पा ६ : बदलायचेच असेल तर प्रकार ठरवावा

गोल कॉलमच्या मशीन स्वस्त आणि दणकट असतात, पण हेड वर-खाली करताच ते कॉलमभोवती फिरते आणि जुळवलेली जागा हरवते. ड्रिल काढून एंडमिल लावताना हेड हलवावे लागले की पुन्हा पहिल्यापासून जुळवावे लागते. ज्यांची बहुतेक कामे एकाच उंचीवर होतात त्यांनाच ही घ्यावी.

डोव्हटेल कॉलमची बेंच मशीन, साधारण ३०० किलो वजनाची, ही घरगुती कारागिराला सर्वांत सोयीची आहे. ती चार भागांत सोडवून नेता येते आणि एका फेजवर चालते. नी-टाइप मशीन (जिचे टेबलच वर-खाली होते ती), मग ती एच.एम.टी.ची जुनी असो वा बटाला-लुधियानाकडची, कामाला फार चांगली. परंतु तिचे वजन टनांत मोजावे लागते आणि पुढचा सातवा टप्पा तिच्यासाठी फार कडक आहे.

टेपरचा विचार इथेच करावा. एम.टी.-३ वरून आर-८ किंवा आय.एस.ओ.-४० वर (हे टेपरचे ठरावीक प्रकार) गेल्यास जुने आर्बर, बोरिंग हेडची (भोक मोठे करणाऱ्या साधनाची) शँक आणि ड्रॉबार (हत्यार वरून ओढून धरणारा लांब बोल्ट) निरुपयोगी होतात. ई.आर.-३२ कोलेटचा संच मात्र तसाच वापरता येतो, फक्त नव्या टेपरचा चक घ्यावा लागतो. म्हणून आतापासूनच थेट टेपरमधल्या कोलेटवर खर्च न करता ई.आर. पद्धतीवर करावा. मशीनसाठी जेवढे पैसे बाजूला काढले असतील, त्यातले निम्मे टूलिंग, व्हाइस, वाहतूक आणि वीज यांना लागतील असे धरून चालावे.

टप्पा ७ : जागा, वीज आणि हवा, तिन्ही पैसे देण्यापूर्वी

*जमीन आणि छप्पर.* पडवीतला कोबा पुष्कळदा जांभ्याच्या भरावावर पातळ थरात केलेला असतो. ३०० किलोची मशीन त्यावर रुंद लाकडी किंवा पोलादी पाया देऊन उभी राहते. टनाच्या मशीनला जाळी घातलेला किमान १५० मिमी जाडीचा काँक्रीटचा ओटा लागतो, आणि त्याला पूर्ण मजबुती येण्यास २८ दिवस द्यावे लागतात. कौलारू घरात पडवीची उंची पागोळीकडे उतरत जाते, म्हणून मशीनची उंची हेड पूर्ण वर नेऊन आणि ड्रॉबार बाहेर काढण्यास लागणारी जागा धरून मोजावी. नदीकाठच्या गावांत मागच्या पुराची रेघ पाहावी. चिपळुणात २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, त्या पातळीचा विचार न करता तळमजल्यावर मोटार आणि कंट्रोल पॅनल बसवणे म्हणजे जाणूनबुजून पाण्यात ठेवणे होय.

*वीज.* संध्याकाळी, शेजारच्या विहिरींवरचे पंप चालू असताना, मशीनच्या जागी मल्टीमीटरने व्होल्टेज मोजावे. मीटरपासून वर्कशॉपपर्यंतच्या तारेचा हिशेबही करावा. ३० मीटर अंतरावर १.५ चौरस मिमी तांब्याची तार असेल आणि मोटार सुरू होताना क्षणभर ३० अँपिअर ओढत असेल, तर त्या तारेतच सुमारे २२ व्होल्ट पडतात; ४ चौरस मिमीच्या तारेत ८ पडतात. आधीच २०० व्होल्टवर आलेल्या लाइनीत हा फरक मोटार उचलली जाईल की गुरगुरत तापेल हे ठरवतो.

तीन फेजची मशीन एका फेजवर चालवण्यासाठी व्ही.एफ.डी. (एका फेजपासून तीन फेज तयार करून मोटार चालवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) लावता येतो. पण २३० व्होल्टचा व्ही.एफ.डी. तीन फेजही २३० व्होल्टच्याच देतो, म्हणून मोटार डेल्टा जोडणीत (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडण्याच्या दोन पद्धती) २३० व्होल्टवर चालणारी हवी. आपल्याकडच्या अनेक लहान मोटारी आतूनच ४१५ व्होल्टच्या स्टारमध्ये बांधलेल्या असतात आणि त्यातून तीनच तारा बाहेर येतात. अशा मोटारीचा स्टारचा सांधा वाइंडिंगवाल्याकडून उघडून सहा तारा बाहेर काढून घ्याव्या लागतात. पाटीवर ‘४१५ डेल्टा’ असेल तर ती मोटार या उपायाने पुरी ताकद देणार नाही.

*सावधान :* बागेतल्या कृषिपंपाच्या तीन फेजच्या जोडणीवर वर्कशॉप चालवू नये. मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कारणासाठी वीज वापरणे विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरते. महावितरणकडे रीतसर वेगळी जोडणी मागावी. अर्थिंगही उन्हाळ्यात तपासून घ्यावे, कारण कातळावरील जांभ्याची जमीन कोरडी झाली की विजेला फार अडथळा करते.

*हवा.* गंज पावसानेच चढतो ही समजूत अपुरी आहे. रात्री थंड झालेले ओतीव लोखंड सकाळी उशिरापर्यंत थंडच राहते. ऊन चढल्यावर खाऱ्या वाऱ्याची दमट हवा आत आली की तिच्यातले पाणी त्या लोखंडावर दवासारखे उतरते, आणि सोबतचा क्षार गंजाला वेग देतो. मशीन जितकी जड तितकी ती उशिरा तापते, म्हणजे तितका वेळ तिला घाम सुटत राहतो. लहान मशीनवर जी काळजी पुरत होती ती मोठीवर पुरत नाही.

मशीनवर प्लास्टिकचा कागद थेट घालू नये. आतला ओलावा तिथेच कोंडतो. तेलात भिजवून पिळलेले सुती कापड टेबलावर, त्यावर जाड कॅनव्हास, आणि कॅनव्हासखाली कापडापासून दूर, जाळीत बसवलेला ४० ते ६० वॅटचा तारेचा दिवा ठेवावा. एल.ई.डी. दिवा या कामाचा नाही, त्यातून पुरेशी ऊब मिळत नाही. पश्चिमेची खिडकी मशीनसमोर नसावी. त्याच खोलीत आम्ल, बॅटरी किंवा सोल्डरचा फ्लक्स ठेवू नये. आंब्याच्या पेट्यांचा लाकडी भुसा सांडलेले तेल टिपायला चांगला, पण टेबलावर राहिला तर ओलावा धरतो.

*तपासणी :* मशीन घेण्याआधी ठरलेल्या जागी घासून चकचकीत केलेला, तेल न लावलेला पोलादाचा तुकडा आठवडाभर ठेवावा. तो तांबूस झाला तर आधी जागा सुधारावी.

टप्पा ८ : जुनी मशीन पाहायला जाताना

कोल्हापूरच्या उद्यमनगर किंवा शिरोलीकडे जाताना डायल, मॅग्नेटिक स्टँड, ताणकाटा, विजेरी, आपले एंडमिल आणि पोलादाचा तुकडा सोबत न्यावा. मशीन वीज जोडलेली आणि चालू स्थितीत दाखवावी, असे आधीच सांगावे.

सुरुवात टेबलापासून करावी. टेबल मध्यभागी ठेवून गिब जरा घट्ट करावी आणि टेबल टोकापर्यंत न्यावे. मध्ये सैल आणि टोकांना जाम होत असेल तर स्लाइड मधोमध झिजल्या आहेत. अशी मशीन गिब कसून सुधारत नाही, ती खरवडून घ्यावी लागते. मग स्पिंडल वरच्या वेगावर अर्धा तास चालू ठेवून बेअरिंगजवळ हात लावावा. कोमट असणे ठीक आहे. हात ठेववत नसेल किंवा खरखर येत असेल तर नको. क्विल (स्पिंडलसह खाली उतरणारी नळी) ७५ मिमी बाहेर काढून आडवी हलवून पाहावी. शेवटी घरच्यासारखीच १० किलोची ओढ देऊन आकडा लिहावा आणि आपल्या वहीतील आकड्याशी ताडावा. पाहिलेली मशीन आपल्या घरच्या मशीनपेक्षा स्पष्टपणे ताठ नसेल तर केवळ मोठ्या टेबलासाठी एवढा खटाटोप करू नये.

किनाऱ्याजवळच्या शेडमध्ये पडून असलेली मशीन पाहताना ताज्या रंगाला भुलू नये. टेबल काढून खाली विजेरी मारावी, तेलाच्या नळ्यांतून तेल प्रत्यक्ष स्लाइडपर्यंत पोचते का पाहावे, आणि कॉलमच्या आत बोटाने चाचपावे. आत वाळलेला गाळ लागला तर मशीन पुरात बुडालेली आहे आणि तिचे सर्व बेअरिंग बदलावे लागतील असे धरावे.

टप्पा ९ : घाट उतरवून आणणे आणि बसवणे

हे काम तुळशीच्या लग्नानंतर आणि होळीच्या आत उरकावे. ओटा घालणे त्याआधी. मृग तोंडावर आल्यावर मशीन आणली तर घाटातल्या दरडी, चिखलाची पाणंद आणि न सुकलेला कोबा हे सगळे एकदम अंगावर येते.

वाहन मशीनच्या वजनानुसार ठरवावे. छोटा हत्ती साधारण पाऊण टनासाठी असतो. त्यात टनाची मशीन घालून आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरणे जिवावर बेतू शकते. हेड पूर्ण खाली आणून लॉक करावे, शक्य असल्यास मोटार आणि हेड वेगळे न्यावे, कारण वळणावर उंच वजनच गाडीला कलंडवते. मशीन आडवी टाकू नये. बेसखाली लाकडी ओंडके बोल्टने बांधून ते गाडीच्या पाट्याला आवळावेत. पट्टा बेस आणि कॉलमभोवती घालावा. टेबल किंवा स्पिंडलला कधीही अडकवू नये. उघड्या स्लाइडवर जाड तेल आणि कापड असावे.

*सावधान :* चेन पुली कौलारू घराच्या आढ्याला किंवा वाशाला टांगू नये. भाड्याने लोखंडी तिपाई आणावी किंवा मशीन पाइपच्या रोलरवरून सरकवत न्यावी. उचललेल्या वजनाखाली हात किंवा पाय घालून शिम सरकवण्याचा मोह टाळावा. त्यासाठी पहार आणि लाकडी ठोकळे वापरावेत.

जागेवर आल्यावर आधी चारही पाय जमिनीला सारखे टेकवावेत, मग स्पिरिट लेव्हलने टेबल दोन्ही दिशांना समतल करावे, आणि त्यानंतर टप्पा २ संपूर्ण पुन्हा करावा. प्रवासात काटकोन हमखास बिघडतो. फाउंडेशनचे बोल्ट आठवड्याने पुन्हा तपासावेत.

टप्पा १० : जुनी मशीन लगेच विकू नये

टप्पा १ च्या यादीत अडलेली निदान तीन कामे नव्या मशीनवर पूर्ण होईपर्यंत जुनी मशीन बांधलेली आणि चालती ठेवावी. नव्या मशीनसाठी लागणारे शिम, बुश, ड्रॉबारचा नट आणि मोटारीचा ब्रॅकेट हे पुष्कळदा जुन्या मशीनवरच करावे लागतात. विकताना वहीतील मोजणीचे पान खरेदीदाराला दाखवावे, गिबची आणि बॅकलॅशची स्थिती खरी सांगावी, आणि एम.टी.चे जे आर्बर आता आपल्याला लागणार नाहीत ते मशीनसोबतच द्यावेत. सुटे ठेवले तर ते पेटीत गंजतात आणि त्या माणसाला ते पुन्हा विकत घ्यावे लागतात.